आतड्याचा कर्करोग आणि आपली व्यसने



आजचा विषय मी कळविला तेव्हा व्याख्यानमालेचे चिटणीस थोडे घुटमळले. विषय चांगला आहे, म्हणाले, पण संध्याकाळी मंडळी सहकुटुंब येतात, पुष्कळांचे जेवण इथून घरी गेल्यावर व्हावयाचे असते. त्यांच्यापुढे शौचाची भाषा कशी चालेल? त्यांची अडचण मला समजते. आपल्याकडे खोकला, मधुमेह यांवर ओटीवर बसून गप्पा होतात. रक्तदाबाचे आकडे तर लोक पगाराच्या आकड्यापेक्षा मोकळेपणाने सांगतात. पण परसाकडची गोष्ट निघाली की आवाज खाली येतो. या संकोचापायी माझ्याकडचे रोगी आठ-आठ महिने, वर्ष-वर्ष उशिरा येतात. तेव्हा आजचा तासभर हा संकोच आपण मंडपाबाहेर चपलांशेजारी ठेवू. तिथे पानाची टपरीही आहे. तिच्याविषयी पुढे बोलावयाचेच आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक शिक्षक आले. वय बावन्न. शौचावाटे रक्त पडते, म्हणाले. केव्हापासून? दीड वर्ष झाले असेल. मग इतके दिवस काय केलेत? "मूळव्याध आहे, डॉक्टर. वडिलांनाही होती. आमच्या घराण्यातच आहे." दीड वर्ष त्यांनी कोणाकोणाची चूर्णे घेतली होती. बाजाराच्या दिवशी पाटी लावून बसणाऱ्या एका इसमाकडून काही टोचूनही घेतले होते. या सगळ्यांपैकी एकानेही हातात मोजा घालून बोटाने गुदाशय तपासला नव्हता. मी तपासला. मिनिटही लागले नाही. बोटाच्या टोकाला जे लागले ते मूळव्याधीचे मोड नव्हते.

सवयी विचारल्या. सोळाव्या वर्षापासून बिडी. चाळिशीच्या सुमारास छातीच्या भीतीने बिडी सोडली आणि तिच्या जागी तंबाखू-चुना आला. सकाळी तंबाखूचा विडा ठेवल्याशिवाय कोठा साफ होत नाही, हे त्यांनी जणू शरीरशास्त्राचा नियम असल्याप्रमाणे सांगितले. आणि संध्याकाळी? थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "आठवड्यातून चार-पाच दिवस. क्वार्टरच्या वर नाही." निदान सांगितल्यावर त्यांनी जो प्रश्न विचारला तो मी विसरलेलो नाही. "तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो, दारूने लिव्हर जाते, हे मला ठाऊक होते. मुलांना मी ते शिकवतोही. पण हे खाली कसे गेले?"

आजचे माझे व्याख्यान म्हणजे या प्रश्नाचे, थोडे उशिरा दिलेले, उत्तर आहे.

प्रथम 'खाली' म्हणजे कोठे ते पाहू. लहान आतड्याच्या शेवटी उजव्या कुशीत मोठे आतडे सुरू होते, वर चढते, आडवे जाते, डाव्या बाजूने उतरते आणि गुदाशयात संपते. लांबी साधारण पाच फूट. त्याचे आतले अस्तर हे शरीरातील अत्यंत उद्योगी वस्त्र आहे. त्याच्या पेशी चार-पाच दिवसांत झडतात आणि नव्या येतात. विणकाम अहोरात्र चालले की एखादा टाका चुकणारच. बहुतेक चुका शरीर उसवून पुन्हा विणते. जी चूक राहून जाते तिच्यातून एखादे वेळी अस्तरावर लहानसा कोंब उगवतो. त्याला पॉलिप म्हणतात. पुष्कळ पॉलिप जन्मभर निरुपद्रवी राहतात. काहींत एकावर एक चुका साचत जातात आणि साधारण दहा वर्षांनी, कधी त्याहूनही अधिक काळाने, त्याचा कर्करोग बनतो. हा दहा वर्षांचा आकडा लक्षात ठेवा. या रोगातील सगळी आशा त्या दहा वर्षांत आहे, आणि सगळी फसगतही त्यातच आहे.

२०२२ साली जगात या रोगाचे सुमारे एकोणीस लाख नवे रोगी झाले आणि सुमारे नऊ लाख माणसे त्याने मेली. कर्करोगांत रोग्यांच्या संख्येने याचा क्रमांक तिसरा, मृत्यूंच्या संख्येने दुसरा. आपल्या देशात याचे प्रमाण पाश्चात्त्यांच्या मानाने बरेच कमी आहे. हे आपण नुसते अंदाजाने म्हणत नाही; मुंबईत १९६३ पासून कर्करोग्यांची रीतसर नोंदवही ठेवली जाते, आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण नोंदवही सुरू झाली. परंतु कमी प्रमाण म्हणजे काही आपल्या रक्ताला मिळालेले वरदान नव्हे. जपानी लोकांत पूर्वी हा रोग थोडा होता. त्यांच्यातील जे हवाई बेटांवर जाऊन स्थायिक झाले त्यांच्यात तो एक-दोन पिढ्यांत तेथल्या गोऱ्या लोकांच्या बरोबरीने दिसू लागला. रक्त तेच, ताट बदलले, प्याला बदलला, अंगमेहनत बदलली.

सवय आणि कर्करोग यांचा संबंध शोधण्यात आपल्या माणसांनी मोठे काम केले आहे, आणि ते आपल्याला फारसे माहीत नसते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर हे विकृतिशास्त्रज्ञ होते. १९४५ साली त्यांनी आणि सूर्याबाई यांनी मिळून रूढ सवयींतून होणाऱ्या कर्करोगांवर एक निबंध प्रसिद्ध केला. खैनी ओठात धरणाऱ्यांना नेमक्या त्या जागी होणारा कर्करोग त्यात आहे. आणि धोतर कमरेला वर्षानुवर्षे करकचून बांधल्याने त्या पट्ट्यावर होणारा कर्करोगही आहे. जागा आणि सवय यांची गाठ जिथे डोळ्यांना दिसते तिथे हा न्याय कोणालाही पटतो. अडचण येते ती आमच्या मास्तरांसारख्या प्रकरणात. वस्तू तोंडात घेतली आणि रोग पाच फुटी नळीच्या शेवटच्या टोकाला झाला.

दारूपासून सुरुवात करतो, कारण तिथे पुरावा अधिक स्वच्छ आहे. फ्रान्समध्ये लियाँ येथे जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग-संशोधन संस्था आहे. कोणत्या पदार्थाने माणसाला कर्करोग होतो याची ती छाननी करते, आणि खात्री पटल्याशिवाय पहिल्या वर्गात कोणाला बसवीत नाही. दारूला तिने १९८८ सालीच पहिल्या वर्गात बसविले. पण तेव्हा तोंड, घसा, अन्ननलिका आणि यकृत एवढ्यांपुरते. मोठ्या आतड्याचे नाव त्या यादीत २००७ च्या बैठकीत आले, स्त्रियांच्या स्तनांबरोबर. एकोणीस वर्षे लागली. शास्त्र सावकाश चालते म्हणून कोणी त्याला हसू नये; सावकाश चालते म्हणूनच त्याच्या शब्दाला वजन आहे.

दारू खाली जाते कशी? गिळलेला मद्यार्क जठरातून आणि लहान आतड्यातून रक्तात शोषला जातो, मोठ्या आतड्यापर्यंत तसा पोहोचतच नाही, असे कोणी म्हणेल तर ते अर्धे खरे आहे. तो पुढच्या दाराने पोहोचत नाही, मागच्या दाराने येतो. रक्ताबरोबर तो सर्वांगात फिरतो आणि आतड्याच्या भिंतीतून आत झिरपतो. तिथे जंतूंची अफाट वस्ती आहे. ते जंतू मद्यार्काचे ॲसिटाल्डिहाइड नावाचे द्रव्य बनवितात. यकृतही हेच द्रव्य बनविते, पण ते लगेच पुढे मोडून टाकण्याची यंत्रसामग्री त्याच्यापाशी आहे. आतड्याच्या अस्तरापाशी ती तुटपुंजी आहे. म्हणजे कारखाना जोरात आणि सांडपाण्याची सोय नाही, असा प्रकार. हे द्रव्य पेशीतील जनुकांना इजा करते आणि फॉलेट नावाच्या जीवनसत्त्वाची नासाडीही करते. विणकामातल्या चुका सुधारावयास जे फॉलेट लागते ते हिरव्या पालेभाज्यांतून आणि डाळींतून मिळते. आणि रोज पिणाऱ्याच्या जेवणाची काय दशा असते ती त्याच्या घरच्यांना विचारावी.

आता हिशेब. आपल्याकडे तीस मिलिलिटरचा जो पेग म्हणतात, त्यात साधारण दहा ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. सहाशे पन्नास मिलिलिटरच्या साध्या बिअरच्या बाटलीत पंचवीसच्या आसपास, 'स्ट्राँग' म्हणून जी मिळते तिच्यात चाळीस. आणि एकशे ऐंशी मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये साठ ग्रॅम. आमचे मास्तर 'क्वार्टरच्या वर नाही' असे जे म्हणाले, त्या 'वर नाही'चे हे वजन. अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून असे दिसते, की रोजच्या दर दहा ग्रॅममागे आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे सात टक्क्यांनी वाढतो. रोज पन्नास ग्रॅमला तो न पिणाऱ्याच्या सुमारे दीडपटीजवळ पोहोचतो. वाइन, व्हिस्की, हातभट्टी यांत या बाबतीत जातिभेद नाही. मद्यार्क तेवढा मोजला जातो. थोडी घेतली तर औषध, ही समजूत पुष्कळ सुशिक्षितांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे, की जिच्याखाली काहीच धोका नाही अशी दारूची मात्रा सांगता येत नाही.

धूम्रपानाची कथा निराळी आहे. बिडी-सिगारेटने फुप्फुसाचा कर्करोग होतो हे डॉल आणि हिल या इंग्रज संशोधकांनी १९५० साली दाखवून दिले. पण आतड्याविषयी पन्नास वर्षे कोणी ठाम बोलेना. कारण फुप्फुसाचा धोका पंधरा ते तीस पट वाढतो. तो आंधळ्यालाही दिसतो. आतड्याचा वाढतो एकपंचमांशाच्या आसपास. एवढा फरक एखाद्या पाहणीत सहज हरवून जातो. दुसरे कारण काळाचे. १९९४ साली अमेरिकेतील जिओव्हानुच्ची यांनी आरोग्यसेवेतल्या हजारो स्त्री-पुरुषांच्या पाहणीतून दाखविले, की धूम्रपानाचा आतड्यावरचा परिणाम उघड व्हावयास सुमारे पस्तीस वर्षे लागतात. त्याआधीच्या पुष्कळ पाहण्या पस्तीस वर्षे थांबल्याच नव्हत्या. लियाँच्या संस्थेने आतड्याचे नाव धूम्रपानाच्या यादीत घातले ते २००९ साली. पॉलिपच्या बाबतीत मात्र चित्र अधिक ठळक आहे. चालू धूम्रपान करणाऱ्यांत ते सुमारे दुपटीने आढळतात. धुरातील विषे फुप्फुसातून रक्तात आणि लाळेबरोबर पोटात जातात, आणि दोन्ही वाटा शेवटी त्या अस्तराकडेच जातात. सोळाव्या वर्षी ओढलेल्या बिडीचा जमाखर्च बावन्नाव्या वर्षी निघतो, तो असा.

इथे एक सावधगिरीचा शब्द. 'धोका अठरा टक्क्यांनी वाढतो' असे वर्तमानपत्रात छापून आले की वाचणाऱ्याला वाटते, शंभरांतल्या अठरांना रोग होणार. तसे नाही. अमेरिकेत जन्मभरात शंभरांतल्या सुमारे चौघांना हा रोग होतो. त्या चारांचे अठरा टक्के काढा. चाराचे पावणेपाच होतात. आपल्याकडे मुळातला आकडाच लहान आहे. मग एवढ्यासाठी बिडी सोडावी काय, असे कोणी विचारील. केवळ आतड्यासाठी म्हणून मी ती सोडावयास सांगितली असती की नाही, मला शंका आहे. पण शरीर म्हणजे काही नुसते आतडे नव्हे. हृदय, फुप्फुस, घसा यांची बिले आधीच येऊन पडलेली असतात. आतड्याचे हे त्यांच्याखाली आणखी एक. भीतीने माणूस महिनाभर व्यसन सोडतो आणि मग भीतीच सोडून देतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी खरे आकडे सांगणे पसंत करतो.

त्याच खरेपणाने चघळण्याच्या तंबाखूविषयी सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात धूर काढणारे तुलनेने थोडे. चघळणारे, मिश्री लावणारे फार. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या राज्यातील प्रौढांपैकी चौथ्या हिश्शाच्या आसपास लोक तंबाखू घेताना आढळले आणि त्यांतले बहुतेक बिनधुराची. २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. टपरीवर तिची काय अवस्था आहे, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. तर चघळलेल्या तंबाखूने तोंडाचा, अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचा कर्करोग होतो हे सिद्ध आहे. नुसत्या सुपारीने, तंबाखू नसली तरी, तोंडाचा होतो हेही सिद्ध आहे. मोठे आतडे त्या यादीत नाही. मला जे सोयीचे आहे ते सांगून तुम्हाला घाबरविण्याचा मोह मी आवरतो. अफूचेही तसेच. २०२० साली ती पहिल्या वर्गात गेली, पण फुप्फुस, स्वरयंत्र आणि मूत्राशय यांच्यापायी, आतड्यापायी नव्हे. मास्तरांनी बिडी सोडून तंबाखू धरली तेव्हा त्यांनी छातीचा धोका काढून तोंडाला दिला. आतड्याचा जो काही आधीच्या चोवीस वर्षांत साचला होता तो तिथेच राहिला.

मग तंबाखूचा त्यांच्या दुखण्याशी काहीच संबंध नाही काय? आहे, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो पेशींचा नाही, समजुतीचा आहे.

सकाळी बिडी ओढल्याशिवाय, विडा ठेवल्याशिवाय, मिश्री लावल्याशिवाय कळ येत नाही, असे म्हणणारे या मंडपात निदान वीस-पंचवीस तरी असतील. हात वर करावयास सांगत नाही. निकोटीन आतड्याच्या मज्जातंतूंना चाळविते हे खरे. पण सकाळी उठल्याने, गरम पेयाने, पोटात काही पडल्यानेही आतडे हलते. आणि वीस वर्षे ज्या क्रमाने गोष्टी केल्या त्या क्रमाची शरीराला सवय लागते, ती निराळीच. आता असे पाहा. आतड्यात गाठ वाढू लागली की पहिली खूण पुष्कळदा हीच असते, की शौचाची नेहमीची तऱ्हा बदलते. कधी अवरोध, कधी पातळ, कधी जाऊन आल्यावरही साफ झाल्यासारखे न वाटणे. ज्याचा कोठा तंबाखूच्या स्वाधीन आहे तो अशा वेळी काय करतो? तंबाखू वाढवितो. मास्तरांनी तेच केले होते. एका चिमटीच्या तीन झाल्या होत्या. आणि पिणारा काय करतो? सकाळी पोट बिघडले की रात्रीच्या दारूला किंवा तिच्याबरोबरच्या चकण्याला दोष देतो, आणि रक्त दिसले की तिखटाला. व्यसनाजवळ प्रत्येक लक्षणाचा एक खुलासा तयार असतो. त्या खुलाशांत दीड वर्ष गेले.

मूळव्याध हा शब्द तर आपल्याकडे पडद्यासारखा वापरला जातो. मूळव्याधीतही रक्त पडते, आणि रक्त पडणाऱ्यांपैकी बहुतेकांना मूळव्याधच असते, हे मी कबूल करतो. पण बहुतेकांत आपण आहोत हे तपासल्याशिवाय कळावे कसे? चाळिशीनंतर शौचावाटे रक्त, तीन-चार आठवडे टिकलेला शौचाचा बदल, कारण नसताना उतरलेले वजन, पुरुषाच्या रक्तातले उतरलेले हिमोग्लोबिन, यांतले काहीही असेल तर आधी बोटाने तपासणी आणि मग गरजेप्रमाणे दुर्बिणीची. दुर्बिणीने नुसते पाहता येते असे नाही. पॉलिप असला तर तिथल्या तिथे काढता येतो. म्हणजे दहा वर्षांनी व्हावयाचा रोग आजच खुडला जातो. लक्षण नसतानाही विष्ठेतील डोळ्यांना न दिसणारे रक्त तपासण्याची रीत आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सेहेचाळीस हजारांवर लोकांवर केलेल्या प्रयोगाचा निकाल १९९३ साली प्रसिद्ध झाला; दरवर्षी ही तपासणी झालेल्यांत या रोगाचे मृत्यू तिसऱ्या हिश्शाने घटले. अमेरिकेत पंचेचाळिशीपासून ती करावी असे २०२१ पासून सांगतात. आपल्या राष्ट्रीय योजनेत तोंड, स्तन आणि गर्भाशयाचे मुख यांची तपासणी आहे, आतड्याची नाही. देशातले प्रमाण पाहता ते समजण्यासारखे आहे, पण त्यामुळे ज्याला लक्षण आहे त्याने स्वतःहून जाण्यावाचून गत्यंतर नाही.

मास्तरांचे काय झाले ते सांगावयाचे राहिले. किरणोपचार झाले, शस्त्रक्रिया झाली, काही महिने पोटावर पिशवी बांधावी लागली. ती पिशवी घेऊन ते शाळेत जात. दारू सुटली. तंबाखू दोनदा सुटली आणि दोनदा परत आली. तिसऱ्यांदा सुटली आहे. त्यांच्या मुलाला मी चाळिशीत दुर्बिणीची तपासणी करून घ्यावयास सांगितले आहे, कारण बापाला हा रोग असला की मुलाला धोका अधिक.

आता चिठ्ठ्या. एक चहाविषयी आहे. चहाने आतड्याचा कर्करोग होतो असा पुरावा नाही. मात्र पासष्ट अंशांच्या वरची कढत पेये अन्ननलिकेला बहुधा घातक, असे लियाँच्या संस्थेने २०१६ साली म्हटले आहे; तेव्हा बशीत ओतून निववून पिण्याची जुनी रीत वाईट नव्हती.

दुसरी : "सकाळची तंबाखू सोडली तर पोट कसे साफ होणार?" काही आठवडे नीट होणार नाही, हे आधीच समजून असा. व्यसन सोडणाऱ्यांपैकी काहींना अवरोध होतो, तो जातो. उठल्यावर गरम पाणी, रात्री इसबगोल, ताटात भाकरी आणि पालेभाजी, आणि न्याहारीनंतर ठरलेल्या वेळी कळ नसली तरी दहा मिनिटे बसणे, एवढे करावे.

तिसऱ्या चिठ्ठीवर नाव नाही. लिहिले आहे : "घरात एकाला तीन महिन्यांपासून रक्त पडते. कोणाला सांगू नको म्हणतात. पिणे चालू आहे." मी इथे उद्या सकाळी दहाच्या गाडीपर्यंत आहे. आठ ते नऊ वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसेन. चिटणीसांना विचारून दार मागील गल्लीतून उघडे ठेवले आहे. नाव सांगावे लागणार नाही.